ताई, तुमचे पाय दिसत नाहीत!

शाळेतल्या मुलांना ऑनलाइन नाच शिकवता येतो का? येतो. पण पडद्याच्या अलीकडे, मुलांच्या बाजूला, कुणीतरी माणूस उभं असेल तरच.

तुम्हाला नाचायला कोणी शिकवलं? तुमच्या वर्गातल्या दहा जणांना हा प्रश्न विचारून बघा. एखादी सांगेल, लहानपणी भरतनाट्यमच्या क्लासला जायचे, दहावीला सोडलं. एखादा सांगेल, सोसायटीच्या गणपतीत डान्स बसवणारा दादा होता. उरलेले हसतील आणि म्हणतील, "शिकवतंय कोण? रील्स बघून बघून आलं." म्हणजे आपल्या पिढीचा सगळ्यात मोठा डान्स टीचर मोबाइलचा स्क्रीन आहे. मग शाळेतल्या मुलांना स्क्रीनवरून नाच शिकवायला काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळांमध्ये व्हर्च्युअल नृत्य कार्यशाळा व्हाव्यात, भरपूर व्हाव्यात, याच बाजूची मी आहे. पण सध्या त्या जशा होतात ते बघितलं की वाटतं, आपण मुलांना नाच शिकवत नाही आहोत, नाचाचा व्हिडिओ दाखवतोय. या दोन गोष्टींत केवढा फरक आहे आणि तो कमी करायला आपण कॉलेजवाले काय करू शकतो, एवढंच मला मांडायचंय.

घाट चढला की गुरुकुल, उतरला की काहीच नाही

उदाहरण आमच्याच भागाचं घेऊ. कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं आणि कळंबची टमटम धरायची. माथेरानचा डोंगर पाठीमागे राहतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये मध्ये फार्महाऊसचे गेट आणि आत आत गेलं की ठाकूरवाड्या, कातकरवाड्या. या भागात नाचाची कमी नाही. गौरी-गणपतीत रात्र रात्र फेर धरले जातात, ढोल वाजतो, हळदीला अख्खी वाडी नाचते. खालापूरच्या बाजूला चौकजवळ एन. डी. स्टुडिओ आहे. 2005 मध्ये सुरू झालेल्या या स्टुडिओत 'जोधा अकबर'सारख्या सिनेमाचे सेट उभे राहिले. म्हणजे देशभर दिसणारा झगमगाट आमच्या शेजारीच तयार होतो.

आणि खोपोलीहून घाट चढला की खंडाळा. तिथे 1940 च्या आसपास 'नृत्यालयम्' नावाची नृत्यशाळा होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहिती आहे? ती काढली होती मॅडम मेनका यांनी. मेनका म्हणजे लीला सोखी. कथकला आधुनिक रंगमंचावर मानाने उभं करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. त्यांचा संच युरोपभर फिरला, 1936 मध्ये बर्लिनच्या नृत्य ऑलिम्पियाडमध्ये गाजला. पुढे स्वतः मोठ्या कथक नृत्यांगना झालेल्या दमयंती जोशी लहान वयातच या संचासोबत परदेशात नाचल्या. अशा बाईंनी शाळेसाठी जागा निवडली ती आमच्या डोक्यावरचं खंडाळा. गुरूही तिथेच, विद्यार्थीही तिथेच.

आज ऐंशीहून जास्त वर्षांनी त्याच घाटाच्या पायथ्याला, एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाच शिकवणारं माणूस शोधा. सहसा सापडणार नाही. यात शाळेचा दोष नाही. नियमच तसा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात म्हटलंय की, सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक मिळतील. 100 च्या आत असाल तर ही तरतूद तुमच्यासाठी नाही. पहिली ते पाचवीची शाळा असेल आणि मुलं 60 पर्यंत असतील तर दोन शिक्षक. वाडीवरच्या शाळेत हेच दोघं मराठी शिकवतात, गणित शिकवतात, पोषण आहाराचा हिशोब ठेवतात आणि वर मागितलेली माहिती मोबाइलवर भरतात. त्यांनी नाचही शिकवावा, असं म्हणायला आपली जीभ रेटेल का? आणि समजा मुलं शंभराच्या वर गेली, निदेशक आलाही, तरी तो चित्रकलेचा असू शकतो. कायद्यात 'कला' आहे, 'नृत्य' नाही.

दुसरीकडे, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की अभ्यासाचं आणि अभ्यासाबाहेरचं अशी भिंतच नको. त्यानंतर 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तर कला शिक्षणाला स्वतंत्र विषयाचा दर्जा आहे आणि त्या कलांत नृत्यही आहे. धोरण म्हणतं नाच हवा, नियम म्हणतो आधी मुलं मोजा. या दोघांच्या मधल्या फटीत व्हर्च्युअल कार्यशाळा शिरली.

लॉकडाऊनने उघडलेलं दार

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नृत्याचे क्लासही बंद झाले. काही आठवड्यांत ते झूमवर आले. तेव्हा आपण शाळेत किंवा अकरावी-बारावीत होतो. आपल्यातल्या काहींनी बेड सरकवून, पंखा बंद करून, खालच्या मजल्यावरच्या काकूंची माफी मागून तत्कार केलेला आहे.

शास्त्रीय कला शाळा-कॉलेजात नेणारी 'स्पिक मॅके' ही संस्था तुम्हाला कॉलेजमुळे ठाऊक असेल. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक डॉ. किरण सेठ यांनी 1977 मध्ये ती सुरू केली. मोठा कलाकार थेट वर्गात आणून बसवायचा आणि मुलांनी तिकीट न काढता, हातभर अंतरावरून त्याला बघायचं, ही तिची रीत. मुलांनी कलाकाराच्या जवळ बसणं हाच जिचा प्राण, तिलाही 2020 मध्ये 'अनुभव' नावाने आपला कार्यक्रम पडद्यावर न्यावा लागला. जे ऑडिटोरियमपर्यंत कधी पोहोचले नसते त्यांनाही तो घरी बसून बघता आला.

हाच या सगळ्यातला मोठा फायदा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईहून कळंबला एखाद्या नृत्यशिक्षिकेला आणायचं म्हणजे तिचा जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो. मानधन, प्रवास, जेवण, सगळं कोणीतरी करायचं. ऑनलाइन असेल तर ती चाळीस मिनिटं देऊ शकते. शाळेत टीव्ही असतो. बहुतेकदा कुठल्यातरी कंपनीने दिलेला, त्यावर कंपनीच्या नावाचा स्टिकर. इंटरनेट नसेल तर सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. जमलं! कार्यशाळा सुरू.

अर्ध्या सेकंदाचा घोळ

अशी एक कार्यशाळा मी कळंबच्या बाजूच्या एका शाळेत शेवटच्या बाकावर बसून पाहिली. शाळेचं आणि संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही होऊ शकतं. पन्नासेक मुलं, एक टीव्ही. पलीकडून एक ताई कथकची ओळख करून देत होत्या. मनापासून शिकवत होत्या, शंकाच नाही. पण त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला होता, त्यामुळे त्या दिसत होत्या कमरेपर्यंत. आणि शिकवत होत्या तत्कार, म्हणजे निव्वळ पायांचं काम! पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "ताई, तुमचे पाय दिसत नाहीत!" शाळेकडचा माइक म्यूट होता. ताईंना ऐकूच गेलं नाही.

हसू येतं, पण इथूनच तंत्राचा खरा प्रश्न सुरू होतो. व्हिडिओ कॉल बनलाय बोलण्यासाठी, नाचण्यासाठी नाही.

पहिली गोष्ट, आवाज उशिरा पोहोचतो. समजा ताई तीनताल लावतात. सोळा मात्रा. मिनिटाला 120 मात्रा अशी लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. गावाकडच्या नेटवर्कवर अर्धा सेकंद उशीर म्हणजे काहीच नाही. पण नाचात अर्धा सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. ताईंची सम मुलांपर्यंत एक मात्रा उशिरा येते. मुलांचा पाय ताईंना परत आणखी एक मात्रा उशिरा दिसतो. ताईंना वाटतं मुलं मागे पडतायत. त्या म्हणतात, "जरा लवकर!" मुलं धावतात आणि होती ती लयही मोडते. मुलं बरोबर असतात, ताईही बरोबर असतात. मधला कॉल चुकीचा असतो.

दुसरी गोष्ट, या ॲप्सना माणसाचा आवाज तेवढा ऐकायचा असतो. बाकी सगळा त्यांच्या लेखी गोंगाट. घुंगरू गोंगाट, तबला गोंगाट, फरशीवर पडलेला पायही गोंगाट. ते दाबून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू ठेवता येतो, पण हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट, डावं-उजवं. ताई समोर तोंड करून उजवा हात वर करतात. मुलांना तो स्वतःच्या डाव्या बाजूला दिसतो. निम्मा वर्ग डावा हात वर करतो, निम्मा उजवा, आणि दोघं एकमेकांना कोपर मारतात. वर्गात प्रत्यक्ष असलेली शिक्षिका पाठमोरी उभी राहते किंवा मुद्दाम उलटा हात करते. कॅमेऱ्यासमोर हे भान सुटतं.

चौथी गोष्ट सगळ्यात गंभीर. भरतनाट्यममध्ये अरमंडीत बसताना गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवेत. आत वळले तर गुडघ्यावर ताण येतो. समोर गुरू असेल तर ती एका नजरेत ओळखते. पन्नास मुलांच्या, खिडकीतून उजेड मारणाऱ्या, मध्येच अडकणाऱ्या चित्रात तिला गुडघा दिसणार कसा? सिमेंटच्या फरशीवर चुकीच्या पद्धतीने पाय आपटत राहिलं तर दुखणारे पाय त्या मुलांचेच असतात.

मग त्या दिवशी काय झालं? लय पार विस्कटली तेव्हा शाळेतल्या बाई उठून पुढे आल्या. त्यांना कथक येत नव्हतं. त्यांनी फक्त टाळी धरली. ताईंचे बोल एकदा ऐकून घेतले आणि मग स्वतः टाळी देत मुलांकडून म्हणून घेतले. दोन मिनिटांत पन्नास पाय एकत्र पडायला लागले. ताई पलीकडे थांबून बघत होत्या, आणि बहुधा त्यांनाही तेव्हाच कळलं की हे असं करायला हवं होतं.

माझा सगळा मुद्दा त्या टाळीत आहे. नाच पडद्यावरून येऊ शकतो. लय मात्र त्या खोलीतच असावी लागते.

टीव्ही आला, उपग्रह गेला

मास कॉमच्या अभ्यासात आम्हाला 'साइट' नावाचा प्रयोग शिकवतात. परीक्षेत हमखास येतो म्हणून आम्ही तो पाठ करतो आणि विसरतो. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, असं एक वर्ष नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत थेट टीव्ही दाखवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. दिवसा शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. आजच्या ऑनलाइन शिक्षणाचा हा आजोबाच म्हणा. पण गंमत पुढे आहे. नुसता पडदा पुरणार नाही, हे ती मंडळी तेव्हाच ओळखून होती. म्हणून त्याच वर्षात हजारो प्राथमिक शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण दिलं गेलं. वर्ष संपलं आणि करार संपल्यावर उपग्रह सरकला. गावात जे उरलं ते शिक्षकांच्या डोक्यात उरलेलंच.

आपल्या राज्याचंही उदाहरण आहे. आई-बाबांना 'बालचित्रवाणी' आठवतेय का विचारा. चेहरा खुलेल. 1984 मध्ये पुण्यात सुरू झालेली ही शासनाची संस्था शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम बनवायची आणि ते दूरदर्शनवर लागायचे. एका पिढीने ते बघितले. मग टीव्हीवर चॅनेल वाढले, बालचित्रवाणीचा पैसा आटत गेला आणि 2017 मध्ये ती बंद पडली. तीनच वर्षांनी करोना आला आणि पडद्यावरून शिकवणारी संस्था हवी होती तेव्हा ती नव्हती.

2020 च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. तिची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पडद्यावर मास्तर उभा करून धडा वाचून घेण्यापेक्षा घरातली माणसं, भावंडं, हाताशी असलेल्या वस्तू यांच्यासोबत काहीतरी करून बघा, असा तिचा सूर होता. पडदा बंद झाल्यावर मूल काय करेल, याचा विचार आधी झालेला होता.

नृत्याच्या कार्यशाळेला नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. कॉल कट झाल्यावर काय? दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर ती मुलं एकदा तरी तो पाय टाकतात का? टाकत नसतील तर आपण त्यांना चाळीस मिनिटांची करमणूक दिली. वाईट नाही, पण त्याला 'नृत्यशिक्षण' म्हणू नये आणि अहवालात 'पन्नास विद्यार्थ्यांना प्रशिक्षण' असं तर अजिबात लिहू नये.

कोणाचा नाच, कोणाला शिकवायचा?

आता जरा आपल्यालाच टोचेल असं. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकनृत्याची स्पर्धा असते. तिच्यासाठी आपण जीव काढतो. कोळी नृत्य, धनगरी गजा, तारपा. कोरिओग्राफरला पैसे देतो, ड्रेपरी भाड्याने आणतो, महिनाभर लेक्चर बुडवतो. पालघरकडच्या वारल्यांचा तारपा आपण एखाद्या एसी ऑडिटोरियममध्ये नाचतो आणि शिट्ट्या घेतो. त्याच वेळी ठाकूरवाडीतलं पोर शाळेच्या गॅदरिंगला चमचमता शर्ट घालून सिनेमाच्या गाण्यावर उभं असतं. त्याच्या घरातला नाच आपण घेतला, आपल्या मोबाइलमधला नाच त्याला दिला.

व्हर्च्युअल कार्यशाळेत हा सौदा उलटवायची सोय आहे, कारण कॅमेरा दोन्हीकडे असतो. पण तो वापरला जातो एकाच दिशेने. शहरातून गावाकडे. सुरुवातीची दहा मिनिटं मुलांना द्या. त्यांनी त्यांचा फेर दाखवावा, पलीकडच्या ताईंनी आणि शहरातल्या मुलांनी तो करून बघावा, चुकावं, मुलांनी हसावं, दुरुस्त करावं. ज्याला आपण शिकवायला निघालो त्याला आधीच काहीतरी येतं, हे एकदा मान्य केलं की वर्गाचा सगळा नूर बदलतो. वाडीत ढोल वाजवणारे बाबा असतील तर त्यांना शाळेत बोलवा आणि मानधन द्या, पडद्यावरच्या ताईंना देतात तसंच.

याला व्यवहाराची बाजूही आहे. दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात, हे आपल्याला ठाऊक असतं. लोककलेसाठीही असे गुण आहेत. पण त्यासाठी कागदोपत्री पुरावा लागतो. शहरातल्या मुलीकडे क्लास असतो, परीक्षा केंद्र असतं, प्रमाणपत्र असतं. वाडीवरच्या मुलाकडे फक्त नाच असतो. त्याची नोंद ठेवायला शाळेला मदत करणं हे ऑनलाइनसुद्धा सहज होण्यासारखं काम आहे.

आणि वेळापत्रक! दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, मुलंही सोबत जातात. संस्थांच्या कार्यशाळा मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत, कारण तेव्हा हवा चांगली आणि नेटवर्क बरं. पावसाळ्यात मुलं शाळेत असतात, पण वीज नसते. हिवाळ्यात वीज असते, पण ज्यांच्यासाठी चाललंय त्यातलीच काही मुलं नसतात. म्हणून कार्यशाळा जूनपासूनच सुरू व्हायला हवी, आणि वीज गेली तरी चालेल असं सामान, म्हणजे आधी डाउनलोड केलेला व्हिडिओ आणि चार्ज केलेला स्पीकर, शाळेत असायला हवं.

"आधी वाचता येऊ दे, मग नाचा"

हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय आणि ते बोलणारी माणसं वाईट नसतात. मुलांना धड वाचता येत नाही, तिथे नाच कसला? नाचाने मुलांची बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असले दावे मी करणार नाही. मला एवढंच विचारायचंय की हा नियम आपण फक्त गरिबांच्या मुलांनाच का लावतो? शहरातल्या पालकांनी कधी म्हटलंय का, की मुलगी इंग्रजीत कच्ची आहे म्हणून तिचा डान्स क्लास बंद? ते तर फी भरून पाठवतात. शाळेच्या वेळापत्रकात कलेची तासिका आहेच. ती रिकामी जाते, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप उघडपणे कमी आणि कुजबुजत जास्त येतो. "नाचगाणं कशाला शिकवता पोरींना?" हाही काही नवा नाही. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरांत मुलींच्या नाचाकडे बघण्याची नजर काय होती, हे जुन्या माणसांना विचारा. आज पुण्यात कथक शिकणारी मुलगी कौतुकाचा विषय असते. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभ्या केलेल्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयात नृत्याची पदवी मिळते, तीही मुंबई विद्यापीठाची. आमच्या कर्जतकडची कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. बी.कॉम. करता येतं तसं नृत्यातही पदवी घेता येते, ही साधी माहितीसुद्धा कळंबच्या आठवीतल्या मुलीपर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर आलेल्या ताईंनी एक चक्कर कमी घेतली आणि स्वतः हे कसं शिकलं ते सांगितलं, तरी कार्यशाळा सार्थकी लागेल.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे एक तयार यंत्रणा आहे आणि आपण तिच्याकडे दहा गुणांसाठी बघतो. एनएसएस. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या सात दिवसांत आपण काय करतो? रस्ता झाडतो, बंधारा घालतो, पथनाट्य करतो, शेकोटीभोवती नाचतो. ते सगळं करा. पण त्याच कॉलेजात युवा महोत्सवाची डान्स टीम असते आणि तिचा आणि एनएसएसचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तो जोडा.

डान्स टीममधल्या दोघांनी शिबिरात दत्तक गावच्या शाळेत जायचं. मुलांना आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना भेटायचं. त्यानंतर आठवड्याला एक तास, सलग दहा आठवडे ऑनलाइन. तेच चेहरे, तीच मुलं, पंधरा-वीसच्या गटात. ताल पलीकडून वाजवायचा नाही. ठेक्याची ऑडिओ फाइल आधी पाठवायची आणि ती शाळेतल्याच स्पीकरवर लावायची, म्हणजे उशिराचा प्रश्न मिटला. "माझ्यासोबत करा" म्हणायचं नाही. "आधी मी, मग तुम्ही" म्हणायचं. कॅमेरा इतका मागे न्यायचा की डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस दिसेल. शिकवताना पाठमोरं उभं राहायचं. शाळेकडचा माइक उघडा ठेवायचा. गुडघ्यावर ताण येईल असं काही प्रत्यक्ष भेटीशिवाय शिकवायचं नाही. आणि मुलांचे व्हिडिओ स्वतःच्या पेजवर टाकायचे नाहीत. टाकायचे असतील तर पालकांना दाखवून, विचारून. गरीब मुलं नाचताना गोड दिसतात म्हणून ती आपली कंटेंट होत नाहीत.

शासनाकडेही एक मागणी आहे. शंभर मुलांची अट वाड्या-वस्त्यांना कधीच पूर्ण होणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांमध्ये विभागलेल्याच आहेत, प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुख आहे. मग शाळेऐवजी केंद्रातल्या सगळ्या शाळांची मुलं एकत्र मोजा आणि केंद्राला एक कला निदेशक द्या. तो आठवड्याला एका शाळेत प्रत्यक्ष जाईल, बाकीच्या शाळांना तोवर ऑनलाइन भेटेल. तेव्हा व्हर्च्युअल वर्गाला खरा अर्थ येईल, कारण पडद्यावरचा माणूस पुढच्या आठवड्यात दारात येणार आहे, हे मुलांना ठाऊक असेल. नाहीतर भीती अशी आहे की उद्या कोणीतरी म्हणेल, "ऑनलाइन कार्यशाळा होतातच की, निदेशक कशाला हवेत?" ही वेळ येऊ द्यायची नसेल तर आत्ताच बोलायला हवं.

एनएसएसच्या शिबिराचं नियोजन सुरू झालं की प्रोग्रॅम ऑफिसर विचारतात, "उपक्रम सुचवा." आपण खाली मान घालून मोबाइल बघतो आणि शेवटी तोच स्वच्छतेचा फलक बाहेर निघतो. या वेळी हात वर करा. दत्तक गावच्या शाळेत टीव्ही आहे का, स्पीकर आहे का आणि टाळी धरायला तयार असणाऱ्या एक बाई किंवा सर आहेत का, एवढं विचारून या. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर आणता येतील. तिसरी मिळाली की काम सुरू करा.